आगीत काय थांबावे, काय चालावे : भोजनगृहातील एका विद्युत्-जोडणीची हकीकत

संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा शाळेच्या इतिहासावर लिहावे, असे सुचविले होते. इतिहास हा आमचा विषय, आणि आयुष्याचा मोठा भाग तो शिकविण्यातच गेला. तरीही या स्मरणिकेसाठी आम्ही भोजनगृहातील एका विद्युत्-जोडणीविषयी लिहिण्याचे ठरविले आहे. गेली काही वर्षे भोजनगृह समितीचे काम आमच्याकडे आहे. त्या काळात जे पाहिले, जे चुकले आणि जे उशिरा कळले, ते माजी विद्यार्थ्यांपर्यंत व पालकांपर्यंत पोहोचावे, तसेच ज्या ज्या वसतिगृहात, विहारात वा मंगल कार्यालयात शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो तेथपर्यंत जावे, अशी आमची इच्छा आहे. मोठ्या स्वयंपाकघरात आग लागली की सगळेच बंद करायचे नसते. काही तत्काळ बंद व्हावे लागते आणि काही चालूच राहावे लागते. त्या क्षणी हे ठरविण्यास माणसाला उसंत नसते, म्हणून ते आधीच तारांमध्ये लिहून ठेवावे लागते.

जुन्या विद्यार्थ्यांना पूर्वीचे स्वयंपाकघर आठवत असेलच. मातीचे लांब चुलाण, त्यावर पितळी पातेली, वर कौलारू छप्पर. ओले सरपण पेटले की धूर कौलांच्या फटींतून वाट काढीत जाई. जो जाण्यास राजी नसे तो आमच्या डोळ्यांत शिरे. भाकऱ्या थापणाऱ्या मावशींचे डोळे बारमाही लाल असत. पुढे गॅस आला, आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आजचे भोजनगृह उभे राहिले. शेगड्यांच्या रांगेवर उलट्या परातीसारखे स्टीलचे छत बसले. कारागीर त्याला 'हूड' म्हणतात. हूडच्या आत तिरप्या पट्ट्यांचे फिल्टर असतात. तेलकट वाफ त्यांवर आपटून निथळते आणि कडेच्या पन्हळीत जमा होते. उरलेला धूर पत्र्याच्या डक्टमधून गच्चीवरील मोठ्या एक्झॉस्ट पंख्याकडे ओढला जातो. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी आत यावी लागते. अन्यथा दारे ओढली जातात, शेगड्यांच्या ज्योती वाकतात आणि एक्झॉस्टला धाप लागते. त्यासाठी बाहेरील ताजी हवा आत लोटणारा दुसरा पंखा असतो. आमच्याकडे त्याला सर्वजण 'वाऱ्याचा पंखा' म्हणतात; या लेखात आम्हीही तेच नाव वापरू.

धूर गेला याचा आनंद आम्हांला इतका झाला की त्याच्या जागी काय आले, इकडे बराच काळ लक्षच गेले नाही. कौलांच्या फटींतून जाणारा धूर कोठे साचत नव्हता. डक्टमधून जाणारा धूर मात्र आपल्यामागे तेलाचा थर ठेवून जातो. फिल्टर धुतले नाहीत आणि डक्ट खरवडला नाही, तर शेगडीपासून गच्चीपर्यंत एक आडवी-उभी वातच तयार होते. खाली कढई पेटली की ज्योत फिल्टरला भिडते, तेथून डक्टमध्ये शिरते, आणि मग आग स्वयंपाकघरापुरती राहत नाही.

तेलाच्या आगीचा स्वभावही समजून घेतला पाहिजे. तळणीचे तेल साधारण ३५० अंश सेल्सियसच्या पुढे तापले की ठिणगीवाचून स्वतःच पेट घेते. अशा तेलावर पाणी टाकणे म्हणजे अनर्थ ओढवून घेणे होय. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, क्षणात वाफ होऊन सुमारे १,७०० पट फुगते आणि पेटते तेल छतापर्यंत उडविते. ही गोष्ट आठवीच्या विज्ञानात बसणारी असली, तरी आमच्या अनुभवानुसार दहा सुशिक्षित माणसांतील सात जण तेल पेटल्यावर आधी बादलीच शोधतात.

तेल पेटले की केवळ ज्योत विझवून भागत नाही. खालचे तेल तापलेलेच असते आणि ज्योत गेली तरी पुन्हा पेटते. अमेरिकेतील उपाहारगृहांना हा धडा मोठी किंमत देऊन शिकावा लागला. तेथे पूर्वी प्राण्यांच्या चरबीत तळत असत आणि हूडमध्ये कोरड्या भुकटीची अग्निशमन यंत्रणा बसवीत. पुढे चरबीची जागा वनस्पती तेलाने घेतली. ते अधिक तापते. तळण्याची नवी भांडी उष्णता धरून ठेवणारी निघाली. भुकटीने ज्योत विझे, पण तेल निवत नसे. थोड्याच वेळात पुन्हा भडका. म्हणून 'यूएल ३००' नावाची नवी आणि कठोर कसोटी नोव्हेंबर १९९४ पासून तेथे लागू झाली, आणि भुकटीऐवजी ओल्या रसायनाच्या यंत्रणा रूढ झाल्या. हे रसायन म्हणजे पोटॅशियमच्या क्षारांचे पाण्यातील द्रावण. त्याचे सूक्ष्म तुषार तापल्या तेलावर पडले की तेलाच्या वरच्या थराचा साबण होतो. साबणाचा फेस तेलावर झाकणासारखा पसरतो, हवा तोडतो आणि तेल निवेपर्यंत टिकतो. चरबी आणि क्षार यांपासून साबण करण्याची विद्या हजारो वर्षांची आहे; तीच येथे कढईत काही क्षणांत घडते. आमच्यासारख्या इतिहासाच्या माणसाला ही गोष्ट फार आवडली.

आपल्या हूडमध्ये बसविलेली यंत्रणा याच जातीची आहे. शेगड्यांच्या वर, फिल्टरच्या मागे आणि डक्टच्या तोंडाशी तिच्या तोट्या आहेत. हूडच्या आतून एक बारीक तार ताणलेली आहे व तिच्यात धातूच्या छोट्या कड्या आहेत. या कड्यांचा सांधा ठरावीक तापमानाला वितळतो. जागेप्रमाणे हे तापमान निराळे असते, १८२ अंश हे त्यांतील एक नेहमीचे. कडी सुटली की तार सैल पडते, भिंतीवरील पेटीतील स्प्रिंग उसळते आणि द्रावण सुटते. यासाठी विजेची गरज नाही. वीज गेलेली असताना आग लागली तरी द्रावण येणारच.

मात्र द्रावण येणे ही अर्धीच गोष्ट झाली. द्रावण पडत असताना खाली बर्नर भडकत राहिला तर तेल पुन्हा तापेल आणि साबणाचा थर फाटेल. म्हणून त्याच क्षणी गॅस तुटला पाहिजे. हूडखाली विजेवर तापणारे उपकरण असेल तर त्याची वीजही तुटली पाहिजे. वाऱ्याचा पंखा थांबला पाहिजे, कारण तो आगीला ताजी हवा पुरवितो, तुषार उधळून लावतो आणि धूर हूडखालून माणसांकडे ढकलतो. आणि एक्झॉस्ट? त्याचे उत्तर बहुतेकांचे चुकते. आमचेही चुकले होते. एक्झॉस्ट चालूच राहिला पाहिजे. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेचे ९६ क्रमांकाचे मानक व्यावसायिक स्वयंपाकघरांच्या धूरनिचऱ्याविषयी जगभर प्रमाण मानले जाते. त्यात हे स्पष्ट आहे : यंत्रणा सुटल्यावरही हूडचा एक्झॉस्ट चालत राहावा, यंत्रणेच्या रचनेनुसारच तो थांबविणे आवश्यक असेल तर गोष्ट वेगळी. एक्झॉस्ट चालू असतो म्हणून धूर वर जातो, माणसांना दार दिसते आणि श्वास घेता येतो. द्रावणाचे तुषारही त्याच ओढीने फिल्टरमध्ये व डक्टमध्ये, म्हणजे जेथे तेलाचा थर आहे तेथे, पोहोचतात.

वाचकांना वाटेल, पंखा आग वाढविणार नाही का? घरातल्या साध्या अनुभवाने तसे वाटणे साहजिक आहे. पण ओढणारा पंखा आणि फुंकणारा पंखा यांत फरक आहे. फुंकणारा वारा ज्योतीवर थेट येतो. ओढणारा पंखा ज्योतीवरचा धूर नेतो. खाली इंधन तुटलेले, वरून द्रावण पडत असलेले, अशा स्थितीत धूर नेणाऱ्याला थांबविण्यात लाभ कमी आणि हानी मोठी.

आता आमच्या चुकीची हकीकत. भोजनगृह बांधून झाले तेव्हा ठेकेदाराने "आग लागली की सगळे आपोआप बंद" असे सांगितले आणि आम्ही समाधानाने सही केली. पुढे किती तरी महिने कोणी ते पाहिले नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक अभिकरणाकडून दरवर्षी जानेवारीत व जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. एका जुलैत नवे तंत्रज्ञ आले. कागद भरण्यापूर्वी ते म्हणाले, "सर, एकदा सोडूनच बघू." त्यांनी द्रावण सुटू नये म्हणून दाबाची नळकांडी काढून बाजूला ठेवली, लोखंडी घमेल्यात ओले गोणपाट धुमसत ठेवले, दोन्ही पंखे व एक शेगडी चालू केली आणि तारेतील कडी सोडली.

पेटीत खट्कन आवाज झाला. दोन्ही पंखे थांबले. शेगडी तशीच जळत राहिली.

घमेल्यातला धूर क्षणभर हूडमध्ये घुटमळला, मग हूडच्या कडेवरून खाली उतरू लागला. दोन मिनिटांत वाढपाच्या खिडकीतून तो भोजनकक्षात पसरला. त्या कक्षात त्या वेळी कोणी नव्हते. जेवणाच्या वेळी तेथे साडेतीनशे मुले-मुली पंगतीत बसतात. गोणपाटाच्या धुराने आमचे डोळे चुरचुरले आणि जुने स्वयंपाकघर आठवले, एवढेच. पेटत्या तेलाचा काळा धूर असता तर खिडकीपासची पहिली पंगत दारापर्यंत पोहोचली असती की नाही, हा विचार त्या रात्री आम्हांला झोपू देईना.

पंखे दोन्ही का थांबले, ते लगेच कळले. ठेकेदाराच्या वायरमनने एक्झॉस्ट आणि वाऱ्याचा पंखा एकाच कॉन्टॅक्टरवर घेतले होते. एक तार, एक कॉन्टॅक्टर, काम झटपट. त्यात कपट असावे असे आम्हांस वाटत नाही. आग म्हणजे सगळे बंद, हीच त्याचीही समजूत होती.

गॅस का थांबला नाही, याचे उत्तर मात्र तारांत नव्हते. ते मावशींकडे होते. गॅसच्या नळीवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे. वीज असेपर्यंत तो उघडा राहतो आणि वीज गेली की स्प्रिंगने मिटतो. ही रचना योग्यच आहे. बिघाड झाला तर तो बंद होण्याच्या बाजूने व्हावा, उघडण्याच्या बाजूने नव्हे. पण आपल्याकडे संध्याकाळी भारनियमन होई. वीज गेली की व्हॉल्व्ह मिटे. जनरेटर होता, परंतु त्याची लाइन वर्गांना व अभ्यासिकेला होती; स्वयंपाकघराला द्यावी असे कोणाच्या मनात आले नव्हते. आम्ही मावशींना विचारले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सर, लाइट गेली की गॅस जातो. भात अर्धा कच्चा. पोरं ताटं घेऊन उभी. दोनदा ऑफिसात सांगितलं. मग त्या पोरानं बाजूची चावी उघडून दिली, तेव्हापासून ती तशीच आहे." व्हॉल्व्हला वळसा घालणारी नळी दुरुस्तीच्या सोयीसाठी ठेवलेली होती. तिची चावी उघडली की व्हॉल्व्ह मिटला काय अन् उघडा राहिला काय, सारखेच.

समितीच्या बैठकीत कोणी तरी स्वयंपाकिणींना नोटीस द्यावी असे सुचविले. आम्ही त्यास विरोध केला. भुकेले मूल आणि नियम यांत निवड करण्याची वेळ आम्ही त्यांच्यावर आणली होती, आणि त्यांनी जे निवडले तेच आम्हीही निवडले असते. दोनदा सांगूनही ज्यांनी नोंद घेतली नाही त्या कार्यालयात आम्हीही बसत होतो.

दुरुस्तीचे काम आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने केले. तो आयटीआयमधून वीजतंत्री झालेला असून आज परवानाधारक आहे. त्याने आधी रेखाचित्र काढले आणि आम्हांला समोर बसवून शिकविले. पन्नाशी उलटल्यावर विद्यार्थ्याच्या हाताखाली शिकण्याचा योग सर्वांनाच येत नाही. ते रेखाचित्र वाचणे आम्हांला घराण्याची वंशावळ वाचण्यासारखे वाटले : कोण कोणापासून निघाला, कोणाच्या जाण्याने कोण निराधार होतो, एवढेच पाहायचे.

मूळ पुरुष म्हणजे अग्निशमन पेटीतील एक लहानशी कळ, मायक्रोस्विच. तिला तीन टोके असतात. एक सामाईक, दुसरे कळ मोकळी असताना त्याच्याशी जोडलेले, याला वायरमन 'एनसी' म्हणतात, तिसरे कळ दाबल्यावर जोडले जाणारे, ते 'एनओ'. येथेच बहुतेक घोटाळे होतात. 'मोकळी' म्हणजे कळ मोकळी, यंत्रणा सज्ज असतानाची स्थिती नव्हे. काही पेट्यांत यंत्रणा सज्ज असताना कळ दाबलेली असते, काहींत सुटलेली. नाव वाचून तारा जोडल्या तर उलटा प्रकार होऊ शकतो. म्हणून आमच्या विद्यार्थ्याने मल्टिमीटर लावून यंत्रणा सज्ज असताना व सुटलेली असताना अशा दोन्ही स्थितींत प्रत्येक टोक तपासले, आणि मगच स्क्रू आवळले.

सज्ज स्थितीत जुळलेल्या आणि यंत्रणा सुटताच तुटणाऱ्या टोकातून त्याने दोन वाटा काढल्या. एक वाऱ्याच्या पंख्याच्या कॉन्टॅक्टरकडे. कॉन्टॅक्टर म्हणजे मोठा भार उचलणारा विद्युत्-चुंबकीय स्विच; त्याच्या वेटोळ्याला वीज मिळते तोवर तो जोडलेला राहतो. कळ तुटली की वेटोळे निर्जीव, पंखा बंद. पेटीतील नाजूक कळीवर मोटरचा भार थेट देऊ नये, यासाठीही हा मध्यस्थ लागतो. हूडखाली जे दोन प्लग आहेत तेही त्याच तुटणाऱ्या वाटेवरच्या कॉन्टॅक्टरवर घेतले. काही जण यासाठी शंट ट्रिप ब्रेकर वापरतात. तो चालतो, परंतु त्याला पाडण्यासाठी वीज पोहोचवावी लागते. मधली तार तुटलेली असेल तर तो पडतच नाही आणि ते कोणाला कळतही नाही. वीज नाहीशी झाली की सुटणारा कॉन्टॅक्टर आम्हांला अधिक प्रामाणिक वाटला.

दुसरी वाट गॅसच्या व्हॉल्व्हकडे, पण थेट नव्हे. मध्ये एक रिले आहे आणि हिरवे बटण आहे. बटण दाबले की रिले जुळतो व स्वतःच्याच एका टोकातून स्वतःला वीज देत राहतो. पेटी सुटली किंवा वीज गेली की तो पडतो, आणि वीज परत आली तरी आपोआप उठत नाही. कोणी तरी येऊन बटण दाबावे लागते. हा त्रास मुद्दाम ठेवलेला आहे. वीज गेल्यावर शेगड्या विझतात, चाव्या उघड्याच राहतात. वीज येताच गॅस आपोआप सुरू झाला तर तो न पेटता वाहू लागेल. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड आहे. तो हूडकडे वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि खोलगट जागी साचतो. हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेले तरी ठिणगी पुरते. गॅसशोधक यंत्र छताशी नव्हे तर जमिनीलगत का बसवितात, हे यावरून ध्यानी येईल. म्हणून हिरवे बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक शेगडीची चावी हाताने पाहायची, हा नियम आहे, आणि तो मावशींनीच आम्हांला पाठ म्हणून दाखविला.

एक्झॉस्टची वाट या सर्वांपासून पूर्णपणे वेगळी काढली. तिच्यात पेटीची कळ येतच नाही. त्याची केबल डक्टच्या आतून वा हूडवरून न नेता बाहेरील भिंतीवरून लोखंडी नळीत नेली. पूर्वी ती हूडच्या पाठीला चिकटूनच होती. म्हणजे जो पंखा आगीत चालायला हवा त्याचीच तार आधी वितळली असती. उलट दिशेचा एक बंध मात्र ठेवला आहे. एक्झॉस्ट चालू असल्याची खूण डक्टमधील हवेच्या दाबावरून मिळते. ती नसेल तर हिरवे बटण दाबूनही गॅस उघडत नाही. इंग्लंडमध्ये गॅसच्या स्वयंपाकघरांसाठी असा बंध घालण्याची पद्धत आहे, कारण बंद जागेत धूरनिचऱ्यावाचून मोठे बर्नर जळत राहिले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास.

राहिलेल्या टोकावर, म्हणजे यंत्रणा सुटल्यावर जुळणाऱ्या टोकावर, घंटा जोडली. ती भोजनकक्षात आणि दोन्ही वसतिगृहांच्या जिन्यांत वाजते. एक्झॉस्ट, घंटा आणि ही सारी नियंत्रणाची वीज आता जनरेटरच्या लाइनवर आहे. वळसा-नळीची चावी काढून तेथे टोपण बसविले. भारनियमनात जनरेटर सुरू होण्यास लागणाऱ्या अर्ध्या-पाऊण मिनिटापुरता गॅस जातो. मावशींची त्यावर तक्रार नाही.

हे सर्व आम्ही इतके पाल्हाळाने का लिहिले? १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेत ९४ बालके मृत्युमुखी पडली. ती आग शाळेतच मध्यान्ह भोजन शिजत होते तेथून निघाली आणि गवती छपराने वर्गांपर्यंत पोहोचली. मुलांना अन्न मिळावे म्हणून पेटविलेल्या चुलीतून ती आली, हे आम्ही विसरू शकत नाही. त्या घटनेनंतर अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये निर्णय दिला. शिक्षणाच्या मूलभूत अधिकारात सुरक्षित शाळेचा अधिकार अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने मानले. शाळांत अग्निशमन साधने असावीत आणि ती चालविण्याचे शिक्षण शिक्षक व कर्मचारी यांना मिळावे, असेही सांगितले. दहावीच्या वर्गात मूलभूत अधिकार शिकविताना आम्ही आता हा निर्णय सांगतो आणि मुलांना भोजनगृहातील ती लाल पेटी दाखवून आणतो.

हाताने ओढायच्या दांडीबद्दलही सांगितले पाहिजे. कडी वितळण्याची वाट न पाहता माणसाने यंत्रणा सोडावी यासाठी ती असते. आपल्याकडे ती पूर्वी शेगड्यांच्या मागील भिंतीवर होती, आणि तिच्यापुढे पिठाची पोती रचलेली असत. म्हणजे आग ओलांडून, पोती सरकवून दांडी ओढायची! आता ती बाहेर पडण्याच्या दाराशी, शेगड्यांपासून चार-पाच मीटरवर, छातीपेक्षा थोड्या खालच्या उंचीवर आहे. आठही मावशींनी ती एकेकदा स्वतः ओढून पाहिली आहे. पहिल्यांदा हात लावताना त्यांतील एक जण म्हणाली, "काही मोडलं तर पगारातून कापणार नाही ना?" हा प्रश्न आम्ही समितीच्या कार्यवृत्तात जसाच्या तसा लिहून घेतला आणि त्याखाली ठराव केला की आगीच्या शंकेने दांडी ओढल्याबद्दल कोणाकडूनही, शंका खोटी निघाली तरी, एक रुपयाही वसूल केला जाणार नाही. आमच्या मते या साऱ्या व्यवस्थेत त्या ठरावाचे मोल कॉन्टॅक्टरपेक्षा कमी नाही.

पुढच्या जानेवारीत पुन्हा घमेले, गोणपाट आणि तीच चाचणी झाली. कडी सुटताच शेगडी विझली, वाऱ्याचा पंखा थांबला, घंटा वाजली, आणि धूर सरळ वर, हूडमध्ये, गच्चीकडे निघून गेला. भोजनकक्षात त्याचा वासही आला नाही. फिल्टर दर आठवड्याला गरम पाण्याने धुतले जातात. डक्ट खरवडण्याचे काम दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. त्याचे बिल पाहून कोषाध्यक्ष दरवेळी भुवया उंचावतात, पण सही करतात.

महोत्सवास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी बरेच जण वीज, वातानुकूलन आणि बांधकाम या व्यवसायांत आहेत. त्यांना एक विनंती. भोजनगृहाच्या मागील दाराशी उजव्या हाताला करडे पॅनेल आहे. त्याच्या दाराच्या आतील बाजूस जोडणीचे रेखाचित्र प्लॅस्टिकमध्ये घालून लावलेले आहे आणि शेजारी एक वही टांगली आहे. रेखाचित्र पाहावे, चूक आढळल्यास वहीत तारखेसह लिहावी. तारेला मात्र हात लावू नये. त्या वेळी आत जेवण शिजत असेल.